जिरलेला काटा

कोपऱ्यातल्या त्या खोलीत कसं चालायचं, हे डॉ. अनुश्रीच्या पायांनी पाच दिवसांत शिकून घेतलं होतं. चप्पल बाहेर. आधी टाच, मग तळवा, मग बोटं. मोबाइल नुसता मुका करून भागत नव्हतं, तो खोलीबाहेरच ठेवावा लागे, कारण मुका फोनही लोखंडी टेबलावर थरथरला की भुंग्यासारखा घुमतो. सलाइनच्या स्टँडची चाकं गॉजनं गुंडाळलेली होती. खिडकीवर काळं कापड होतं. दाराची बिजागरी कुरकुरायची, तिला वॉर्डातल्या शंकरसिंगमामांनी आपल्या डोक्याला लावायचं तेल पाजलं होतं, आणि बाहेर घोळका करणाऱ्या नातेवाइकांना ते कुजबुजत सांगायचे, "दरवाजा बी गुमान झाला बगा. तुमी काहून बोलून राहिले?"

आत तातेराव होते. वय अठ्ठावन्न, डोंगरकड्याजवळच्या एका गावचे, हळद आणि केळी पिकवणारे. आजार धनुर्वात.

दवाखाना हिंगोलीतला, एका जुन्या ट्रस्टचा. अतिदक्षता विभागात सहा खाटा आणि तीन व्हेंटिलेटर. असा रुग्ण एरवी नांदेडला पाठवायचा, पण पहिल्याच दिवशी विभागप्रमुख मुकुल सरांनी नकार दिला होता. "दोन तासांचा रस्ता. किती गतिरोधक, किती ट्रकचे हॉर्न, मोजून बघ. वाटेतच जाईल तो. इथंच ठेवू."

अनुश्रीला डॉक्टर होऊन दोन वर्षं झाली होती. धनुर्वात तिनं वाचला होता, परीक्षेत लिहिला होता, पाहिला नव्हता. स्नायूला 'आखड' म्हणून सांगणाऱ्या नसा असतात, तसा 'आता पुरे' म्हणणाराही एक बंदोबस्त शरीरात असतो. धनुर्वाताचं विष नेमका तो बंदोबस्त मोडतं. मग कपाट लागल्याचा आवाज, टॉर्चचा उजेड, चादरीची सुरकुती, काहीही पुरतं. सगळे स्नायू एकदम आखडतात. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंहून बळकट, त्यामुळे माणूस मागच्या बाजूला वाकतो, डोकं आणि टाचा तेवढ्या गादीला टेकलेल्या राहतात. आणि आजारानं शुद्ध जात नाही. गुंगीच्या औषधानं तातेरावांची ती थोडी झाकली होती, पण किती झाकली होती हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. अनुश्रीला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटायची.

त्यांच्या गळ्याला भोक पाडून श्वासनळीत नळी बसवली होती. आल्याबरोबर मांडीत विष मारणारं इंजेक्शन दिलं होतं. जंतूंचं औषध, गुंगीचं औषध आणि मॅग्नेशियमची बारीक धार चोवीस तास चालू होती. मॅग्नेशियमनं झटके दबतात, पण ते जास्त झालं तर आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास, मग हृदय. म्हणून दर दोन तासांनी गुडघ्याखाली रबरी हातोडीनं टिचकी मारून पाय उडतो का ते पाहायचं. ज्या माणसाला हात लावायचा नाही, त्यालाच ठोका मारायचा.

शनिवारी सकाळी अकराची वेळ होती. रेवती सिस्टरनं गुंगीचा जादा डोस दिला आणि घड्याळात तीन मिनिटं मोजली. मग दोघींनी मिळून सगळं एकदम उरकलं. कूस बदलली, नळीतला कफ ओढला, डोळ्यांत थेंब टाकले, लघवी मोजली. हात लावायचा तो एकदाच, असा सिस्टरचा नियम होता. शेवटी अनुश्रीनं हातोडी उचलली. टिचकी मारली. पाय हलका उडाला.

बरं आहे, असं ती डोळ्यांनीच सांगत होती, तेवढ्यात बाहेरच्या पॅसेजमध्ये कुणाचा तरी स्टीलचा डबा फरशीवर पडला.

तातेरावांचे ओठ आधीच दातांवरून मागे ओढलेले होते, ते आणखी ताणले गेले. मान मागे गेली, छाती वर उचलली गेली आणि पाठीखाली एक हात आरामात जाईल एवढी पोकळी झाली. व्हेंटिलेटर हवा ढकलत होता, पण छाती लाकडासारखी झाली होती, हवा आत जाईना. सिस्टरनं औषध सोडलं. अनुश्री मॉनिटरकडे बघत राहिली. नाडी एकशे सत्तर. रक्तदाब दोनशे दहा. चाळीस सेकंदांनी शरीर गादीवर आलं, आणि रक्तदाब खाली घसरायला लागला. दीडशे, एकशे दहा, ऐंशी. ऐंशीवर थांबला.

"आज कितवा?" सिस्टरनं हळूच विचारलं.

"चौदावा."

मुकुल सर बाहेरच्या टेबलाशी तिची वही चाळत उभे होते.

"काल दिवसभरात सोळा होते सर. आज अकरा वाजेपर्यंतच चौदा."

"पाचवा दिवस आहे. दुसऱ्या आठवड्यापर्यंत वाढतच जातं हे."

"एवढ्या वेगानं?"

सरांनी वही मिटली. "औषधं जिथवर न्यायची तिथवर आपण नेलीत. मला आता झटक्यांपेक्षा हृदयाची काळजी आहे. दोनशे दहा आणि ऐंशी, दिवसातून वीसदा. आणखी दोन दिवस असंच चाललं तर ते बंद पडेल, आणि बंद पडलं तर चालू होईलच असं नाही." त्यांनी वही टेबलावर ठेवली. "जखम सापडली असती तर साफ तरी केली असती. जंतू कुठंतरी बसून विष तयार करतायत."

"पाचातल्या एकाची जखम सापडतच नाही, सर."

"पुस्तकात. हे पाचातले एक आहेत, की आपण नीट शोधली नाही?"

ते राउंडला निघून गेले. अनुश्रीनं पहिल्या दिवशीचा स्वतःच्या हातचा कागद काढला. डोकं, कान, दात, नखं, बोटांच्या बेचक्या, सगळं तपासलेलं होतं. तळपायापुढं लिहिलं होतं: भेगा, घट्टे, पाच-सहा जुने काळे डाग, जखम नाही. त्या दिवशी तिनं मुलालाही विचारलं होतं. काही लागलं होतं का? न्हाई मॅडम. खिळा, पत्रा, काटा? त्यावर तो जरासा हसला होता. "काटा तर रोजच लागतो, त्याचं काय सांगावं?" तीही हसली होती, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली होती.

ती पॅसेजमध्ये आली. डबा पाडणारी बाई शंकरसिंगमामांसमोर मान खाली घालून उभी होती. बाकाच्या टोकाला तातेरावांचा मुलगा विश्वंभर बसला होता, आणि त्याच्या पायाशी भिंतीला टेकून त्याची आई चतुराबाई. बाकावर जागा असूनही त्या पाच दिवसांत एकदाही वर बसल्या नव्हत्या.

"घास खाल्ला का त्यायनं?" चतुराबाईंनी विचारलं. रोज त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा.

"नळीतून दूध आणि पेज देतोय मावशी. पोटात जातंय."

"तोंडानं न्हाई?"

"तोंड उघडत नाही अजून."

विश्वंभरनं चहाचा कागदी कप आईपुढं धरला. चतुराबाईंनी डावा हात पुढं केला. उजवा पदराखालीच होता. काल जेवतानाही त्यांचा डावाच हात पाहिल्याचं अनुश्रीला आठवलं.

"उजव्या हाताला काय झालं, मावशी?"

"काई न्हाई."

"बघू तर खरं."

त्यांनी नाइलाजानं हात बाहेर काढला. अंगठा आणि पहिलं बोट सुजून टरारलं होतं, त्यावर मोहरीएवढे पाणी भरलेले फोड उठले होते, आणि दोन्ही बोटांची टोकं डांबर लागल्यासारखी काळी होती.

"उतलंय," चतुराबाई म्हणाल्या. "बिब्बा उतत असतो. खोबरं खाल्लं की जातंय."

"माय, मॅडमला तू आपलं खाजणं दाखवून राहिली व्हय," विश्वंभर म्हणाला. "आबाचं इचार की."

"त्याच म्हनल्या दाखव म्हनून."

अनुश्री खाली उकिडवी बसली. बिब्बा तिला माहीत होता. औंढ्याला तिच्या घरी थंडीत डिंकाच्या लाडवात गोडंबी पडायची, ती बिब्ब्याच्या आतली बी. आणि वरच्या फळातल्या काळ्या तेलानं कातडी भाजते, हे त्वचारोगाच्या धड्यात होतं. पण ते तेल कुणी कशासाठी हाताळतं, हे धड्यात नव्हतं.

"बिब्बा कुणाला घातला तुम्ही?"

"यांलाच की. उजव्या पायाला."

"कशासाठी?"

"काटा मोडला व्हता. उकिरड्यापाशी कुपाटी हाय बाभळीची. खत भरून राहिले व्हते, तवा घुसला."

अनुश्री आणखी पुढं सरकली. आवाज मात्र तिनं तसाच ठेवला. "कधी मोडला?"

"म्हाशिवरात्रीच्या आदल्या दिशी."

म्हणजे जबडा धरायच्या बरोबर नऊ दिवस आधी.

"सगळा निघाला का काटा?"

"वरचा निघाला सुईनं. खालचा मोडला, नखाएवढा. मंग दाभणाला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला, तेल सुटलं ते वरून घातलं. तीनदा घातला. शेवटचा, यांचा जबडा धरला त्याच दिशी. म्हनलं काटा वर चढला का काय."

"मावशी, मी आल्या दिवशी विचारलं होतं, काही लागलं का म्हणून."

"आता कुटं लागलंय?" चतुराबाईंना खरंच कळेना. "बिब्बा घातला की काटा जिरतो. आत राहतच न्हाई. आमच्या समद्यांच्या पायात असेच जिरलेत. जिरलेल्या काट्याचं दवाखान्यात काय सांगावं?"

अनुश्रीच्या डोळ्यापुढं तो कागद आला. पाच-सहा जुने काळे डाग. शेणखतातला काटा, आत मोडलेला. त्यावर जळलेल्या कातडीचं झाकण, एकावर एक तीन थरांचं. धनुर्वाताच्या जंतूला हवा सोसत नाही, त्याला बंद जागा लागते. ही तर शोधूनही सापडली नसती अशी बंद जागा. आणि तिनं ती पाहिली होती. तिच्यावर बोट ठेवून, 'जुना' असं लिहून ती पुढे गेली होती.

चतुराबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"म्हंजी माझ्यानं झालं का हे?"

खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं तिला अजून माहीत नव्हतं. "ते मला आत्ता सांगता येणार नाही. काटा आत आहे का, ते आधी बघू."

विश्वंभर उठून उभा राहिला होता. "मी म्हनलं व्हतं, कळमनुरीला दाखवू. म्हनलं व्हतं का न्हाई, माय? तर म्हनली, काट्यासाठी कोन दवाखान्यात जातंय."

चतुराबाईंनी हात पुन्हा पदराखाली घेतला. तो जिन्याकडे निघून गेला.

खोलीत येऊन अनुश्रीनं छोट्या टॉर्चवर बोट धरलं आणि बोटाआडून येईल तेवढ्याच उजेडात तातेरावांचा उजवा तळवा पाहिला. बोटांच्या मुळाशी चार काळे डाग होते. चारही सारखेच, चारही कोरडे. यातला कुठला? चारही कापायचे तर चौपट वेळ, चौपट धक्का. दाबून पाहायची सोय नव्हती.

ती पुन्हा बाहेर गेली. "मावशी, तुम्हाला आत यावं लागेल. डाग तुम्हीच ओळखाल. पण आत रडायचं नाही, बोलायचं नाही, त्यांना हात लावायचा नाही. जमेल?"

"जमंल."

"बघा हं. तुमच्या एका हुंदक्यानं त्यांना झटका येईल."

"जमंल म्हनलं ना."

रेवती सिस्टरनं त्यांच्या हातातल्या काचेच्या बांगड्यांवर पट्टी गुंडाळली. अनवाणी पायांनी चतुराबाई आत आल्या. आतापर्यंत त्यांनी दाराच्या काचेतून नवऱ्याचं पांघरूण तेवढं पाहिलं होतं. आता तोंड दिसलं. धनुर्वातात चेहरा हसल्यासारखा होतो. भुवया वर चढलेल्या, दात उघडे. चाळीस वर्षं ओळखीचं माणूस आपल्याला न ओळखता हसतंय, असं ते होतं. चतुराबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्यांचे खांदे एकदा हलले आणि थांबले. अनुश्रीची नजर मॉनिटरवर होती. एकशे चार. एकशे बारा. एकशे सात.

चतुराबाई पायथ्याशी वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग सुजलेलं बोट तळव्यापासून वीतभर लांब धरून त्यांनी एक डाग दाखवला, तिसऱ्या बोटाच्या मुळाशी, जरा आतल्या अंगाला. अनुश्रीनं पेननं हवेतच तिथं गोल काढून दाखवला. त्यांनी मान डोलावली.

सर्जन स्वानंद सर दुपारी एका ऑपरेशनमधून सुटून आले, ते वैतागलेलेच.

"काळा डाग काप म्हणतेस. ज्याच्या पायाला बिब्ब्याचा डाग नाही असा एक शेतकरी दाखव मला या जिल्ह्यात."

"हाच डाग आहे सर. त्यांच्या बायकोनं दाखवलाय."

"आणि आत काही निघालं नाही तर? पाय कापताना रक्तदाब दोनशे चाळीसवर गेला, मेंदूत रक्त साकळलं, तर? नातेवाइकांना कोण सांगणार?"

"मी सांगीन," मुकुल सर म्हणाले. "तू चिमटा धर."

"तुम्ही नेहमीच सांगता. ऐकून मला घ्यावं लागतं," स्वानंद सर म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

विश्वंभर खाली चहाच्या टपरीवर सापडला. संमतीच्या कागदावर त्यानं न वाचता सही केली. "काटा निघाला तर वाचतेत का?"

"सांगता येत नाही. पण आत असेल तर तो ठेवून चालणार नाही."

तातेरावांना थिएटरमध्ये हलवायचं नव्हतं, जे करायचं ते खोलीतच. मुकुल सरांनी सगळे स्नायू ढिले करणारं औषध दिलं. आता झटका येणार नव्हता, कारण अंगातला कुठलाच स्नायू हलू शकत नव्हता. पण नाडी आणि रक्तदाब यांच्यावर त्या औषधाचा ताबा नसतो. त्यांचा बंदोबस्त विषानं वेगळा मोडलेला असतो.

पायाला बधिर करणारी सुई टोचली आणि रक्तदाब एकशे ऐंशी झाला. स्वानंद सरांनी पातं लावलं. काळी कातडी वाळलेल्या चामड्यासारखी होती, कापताना तिचा बारीक करकर आवाज आला. पहिला थर निघाला. खाली पुन्हा तसंच काळं.

"दोनशे पाच," सिस्टर म्हणाली.

दुसरा निघाला, तिसरा निघाला. खाली पांढरं, निबर मांस.

"दोनशे तीस."

"काही नाही इथं," स्वानंद सर म्हणाले.

"अजून थोडं खाली जा, सर." अनुश्री पुढं वाकली.

त्यांनी चिमट्याचं टोक आत सरकवलं, आणि राखाडी रंगाचं थेंबभर पाणी वर आलं. त्याचा कुजकट वास मास्कमधूनही आला. टोक आणखी आत गेलं, कशाला तरी लागलं, एकदा निसटलं, पुन्हा लागलं. स्वानंद सरांनी हात सावकाश मागं ओढला. चिमट्यात बाभळीचा काटा होता, काळपट, मोडलेल्या बाजूला तिरका. जिरण्याची काही खूण त्याच्यावर नव्हती. अनुश्रीनं मोजपट्टी लावली. चौदा मिलिमीटर.

"नाडी," सिस्टर म्हणाली.

काटा बघण्यात बाकी सगळ्यांच्या माना खाली होत्या. मॉनिटरवर अठ्ठेचाळीस. मग एक्केचाळीस. रक्तदाब साठ. मुकुल सरांनी सिरिंज उचलली, औषध सोडलं आणि शिरेवर दोन बोटं ठेवून उभे राहिले. अडतीस. अनुश्री छाती दाबायला खाटेच्या कडेला आली, तळहातावर तळहात ठेवून थांबली. अडतीस. अडतीस. चव्वेचाळीस. साठ. ब्याऐंशी.

"उघडीच ठेव जखम," मुकुल सर म्हणाले. त्यांच्या मानेवरून घामाची धार ओघळत होती. "धुऊन घे आणि उघडीच ठेव. हवा लागू दे."

काटा एका छोट्या बाटलीत घालून अनुश्री बाहेर आली. चतुराबाईंनी बाटलीकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. विश्वंभरनं बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली, फिरवून पाहिली. मग तो बाकावर बसला आणि त्यानं उजव्या पायातली चप्पल काढली. तळवा वर करून पाय दुसऱ्या मांडीवर ठेवला. टाचेवर एक काळा डाग होता, आबांच्या डागासारखाच कोरडा.

"त्याच दिशी," तो म्हणाला. "आमी दोघंबी खत भरून राहिलो व्हतो. मीच म्हनलं माय, मला बी घाल."

चतुराबाई वळल्या. मुलाच्या पायाकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते अनुश्रीला बघवलं नाही.

"तोंड उघडा," ती म्हणाली. "मोठं. अजून मोठं. गिळताना दुखतं? मान आखडते?"

"न्हाई."

"धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं?"

"शाळेत असतानी."

"आणि आबांनी?"

"त्यायनं कवाच न्हाई."

"मला दिलं व्हतं," चतुराबाई एकदम म्हणाल्या. "ह्यो पोटात व्हता तवा. दोनदा." त्या मुलाकडेच बघत होत्या. "बायांला देतेत. गड्यायला कोन देतंय?"

विश्वंभरचा डाग तासाभरात उघडला. त्यात काटा नव्हता, एक बारीक भोक आणि वाळलेलं रक्त होतं. तरी ते खरवडून धुतलं, दंडात एक आणि मांडीत एक अशी दोन इंजेक्शनं दिली, आणि एकवीस दिवस रोज सकाळी येऊन तोंड उघडून दाखवायला सांगितलं. त्या दिवसानंतर तो आईला काही टाकून बोलला नाही. डबा आला की आधी तिच्यापुढं ठेवायचा. पण चतुराबाई जेवणाच्या वेळी रोज थोडंच खायच्या आणि उरलेलं बाजूच्या बाईला द्यायच्या.

काटा निघाला म्हणून काही थांबलं नाही. रविवारी सव्वीस झटके, सोमवारी अठ्ठावीस. सोमवारी संध्याकाळी विश्वंभरनं विचारलं, "आता काहून येतेत? काटा तर काढला." अनुश्रीनं त्याला समजावलं, की जे विष नसांत शिरलं ते शिरलं, ते ओढून काढता येत नाही. नसांना नवी टोकं फुटावी लागतात, त्याला आठवडे लागतात. आपण नवीन विष थांबवलंय, एवढंच. तो ऐकून "बराबर" म्हणाला. चतुराबाईंना ते बराबर वाटलं की नाही, कळलं नाही.

मंगळवारी चोवीस. बुधवारी एकोणीस. अनुश्रीला ते आकडे खरे वाटेनात, कुणाकडून मोजायचे राहिले असतील म्हणून तिनं सगळ्यांच्या नोंदी पुन्हा जुळवल्या. एकोणीसच होते. मग पुन्हा बावीस झाले, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. मधे एकदा छातीत कफ साचून ताप आला आणि तीन दिवस त्यातच गेले. रक्तदाबाची उडी मात्र हळूहळू बसत गेली. पंधराव्या दिवशी सात झटके. अठराव्या दिवशी दोन, तेही कफ ओढताना. मग मुकुल सरांनी मॅग्नेशियम थांबवलं, आणि गुंगीचं औषध रोज थोडं थोडं उतरवत नेलं.

बाविसाव्या दिवशी सकाळी खिडकीवरचं काळं कापड अर्धं वर केलं. तातेरावांचे डोळे उघडे होते. त्यांनी आवाजाच्या दिशेनं बुबुळं फिरवली. जबडा एक बोट शिरेल एवढा उघडत होता. पण नुसता स्पर्श, आधी औषध न देता, सहज केलेला स्पर्श त्यांना सोसतो का, हे अजून कुणी करून पाहिलं नव्हतं.

"बायकोला बोलाव," मुकुल सर म्हणाले. "आपण हात लावला की त्यांना सुई आठवते."

चतुराबाई आत आल्या. उजव्या हाताची जुनी कातडी निघून गेली होती, खाली कोवळी गुलाबी आली होती. त्या खाटेपासून दोन हात लांब थांबल्या.

"हात लावू?"

अनुश्रीनं सिरिंज भरून हातात धरली होती. रेवती सिस्टर व्हेंटिलेटरपाशी उभी होती. "लावा," अनुश्री म्हणाली.

तिला वाटलं होतं, त्या कपाळाला हात लावतील. पण चतुराबाई सरळ पायथ्याशी गेल्या. उजवा पाय पट्टीत होता. त्यांनी डावा पाय धरला, आपल्याकडे वळवला, आणि अंगठ्यानं तळवा चाचपायला लागल्या. टाचेपासून सुरुवात केली. बोटभर जागा दाबायची, थांबायचं, पुढची बोटभर जागा. आत आणखी काही राहिलंय का, हे त्या शोधत होत्या.

अनुश्री मॉनिटरकडे बघत होती. ब्याण्णव. पंच्याण्णव. एकशे एक. तिनं सिरिंजचं टोक नळीला लावलं. एकशे तीन. चतुराबाई तळव्याच्या खोलगट भागात आल्या, अंगठा सावकाश फिरवला, आणि तातेरावांनी पाय झटकन ओढून घेतला.

सिस्टर पुढं झेपावली. अनुश्रीचा अंगठा सिरिंजच्या दांड्यावर गेला आणि तिथंच थांबला. पाय मागं गेला होता. एकटा पाय. गुडघ्यात दुमडून चादरीखाली लपला होता. पाठ गादीवर होती, मान उशीवर होती, हात सैल होते. छाती संथ वर-खाली होत होती.

"त्यायला तितं गुदगुल्या व्हतेत," चतुराबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून." आणि चादरीत हात घालून त्यांनी पाय पुन्हा ओढून घेतला, कारण बोटांची बाजू बघायची राहिली होती.